ओपन सोर्सला दिलेला कोड कायद्याने कुणाचा? सीएलएवर सही करावी का?

पिंपळपान

नमस्कार मंडळी. इथे सॉफ्टवेअरवाले बरेच आहेत आणि वकीलही आहेत, म्हणून इथेच विचारते.

मी पुण्यात एका कंपनीत बॅकएंडचं काम करते. आम्ही एक ओपन सोर्स लायब्ररी (कुणीही पाहू, वापरू आणि सुधारू शकेल असा तयार कोड) वापरतो. तिच्या तारीख-वेळेच्या हिशोबात एक बग होता, तासाच्या पटीत नसलेल्या टाइमझोनना नडणारा, म्हणजे आपल्या साडेपाच तासांना हमखास. तो मी घरी बसून, स्वतःच्या लॅपटॉपवर दुरुस्त केला आणि पुल रिक्वेस्ट टाकली, म्हणजे माझा बदल घ्या अशी प्रोजेक्टला विनंती. मेंटेनरने (प्रोजेक्ट सांभाळणाऱ्याने) दोन बदल सुचवले, तेही केले. सगळ्या टेस्ट पास आहेत. आता एक बॉट (आपोआप उत्तर देणारा प्रोग्राम) म्हणतो की आधी सीएलएवर, म्हणजे कोड देणाऱ्याने प्रोजेक्टशी करायच्या करारावर (काँट्रिब्युटर लायसन्स अॅग्रीमेंट) सही करा, मगच तो मुख्य कोडमध्ये मर्ज होईल.

करार उघडला तर ‘कायमस्वरूपी, जगभर, रद्द न करता येणारा, उपपरवाना देण्याच्या अधिकारासह’ अशी वाक्यं (उपपरवाना म्हणजे त्यांनी पुढे दुसऱ्यांना परवाना देणं). ती वाचून मी थांबले. चाळीसेक ओळींचा पॅच (कोडमधला बदल) आहे, त्यातून मला एक रुपया मिळवायचा नाही. पण तो माझा आहे, कंपनीचा आहे, की मर्ज झाला की प्रोजेक्टचा होतो, हे मला सही करण्याआधी नीट कळायला हवं आहे. ऑफिसात विचारलं तर सगळे म्हणतात ‘कर क्लिक, सगळेच करतात’. हे उत्तर मला पटत नाही.

---

टर्मिनल

न वाचता क्लिक केलं नाहीत हे उत्तम केलंत.

सीएलए म्हणजे कोड लिहून देणं, असा बऱ्याच जणांचा समज असतो. बहुतेक सीएलए मालकी मागत नाहीत, फक्त परवाना मागतात. अपाचे फाउंडेशन या ओपन सोर्स संस्थेचा करार हा त्यातला नमुना, गूगलचाही त्याच धाटणीचा आहे. तुमच्या करारात ‘ग्रँट’ आणि ‘लायसन्स’ हे शब्द असतील तर मालकी तुमच्याकडेच राहते. ‘असाइन’, म्हणजे मालकी सोपवणं, दिसलं तर मात्र तो परिच्छेद सावकाश वाचा.

छोट्या प्रोजेक्टांत बहुधा कसलीच सही नसते. गिटहब या कोड ठेवायच्या साइटच्या अटींमध्येच आहे की परवाना लावलेल्या रिपॉझिटरीत (प्रोजेक्टच्या कोडच्या साठ्यात) तुम्ही भर घातलीत तर ती त्याच परवान्याखाली दिली असं धरायचं, वेगळा करार असेल तर तो लागू. म्हणजे एमआयटी नावाच्या परवान्याखालच्या प्रोजेक्टला दिलेला पॅच एमआयटीखाली गेला, पण तो तुमचाच राहिला.

---

सुगरण

मी या क्षेत्रातली नाही, पण नवरा दर शनिवारी हेच करत बसलेला असतो. वाचतेय.

---

जुना_गडी

हे सगळे कागद कुठून आले ते सांगतो, कारण त्या काळात मी सर्व्हर रूममध्ये होतो.

२००३ मध्ये एससीओ नावाच्या अमेरिकन कंपनीने आयबीएमवर दावा ठोकला. म्हणणं असं की आमचा युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा कोड आयबीएमने लिनक्स या ओपन सोर्स सिस्टिममध्ये घातला. मग लिनक्स वापरणाऱ्या मोठमोठ्या कंपन्यांना पत्रं गेली. आमच्याकडे नुकतेच लिनक्सचे सर्व्हर बसत होते आणि वरचे लोक रोज विचारायचे, ‘हे वापरलं तर उद्या आपल्यावर केस होईल का?’ कर्नलमधली, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातली, कुठली ओळ कुणी, कुठून आणली, याची पक्की नोंद दाखवा म्हटलं तर दाखवता येत नव्हती. पॅच ईमेलने यायचे, एकाकडून दुसऱ्याकडे जायचे आणि शेवटी लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांच्यापर्यंत पोचायचे.

म्हणून २००४ मध्ये डीसीओ (डेव्हलपर सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन, कोड कुठून आला याची ग्वाही) आला. प्रत्येक कमिटच्या (नोंदवलेल्या बदलाच्या) तळाशी ‘साइन्ड-ऑफ-बाय’ आणि पुढे नाव-ईमेल, ती हीच ओळ. तिचा अर्थ एवढाच, की हा कोड मी लिहिला आहे किंवा मला तो देण्याचा हक्क आहे, आणि ही नोंद कायम सार्वजनिक राहील हे मला मान्य आहे. मालकी कुणाकडे जात नाही, वेगळा परवानाही दिला जात नाही. कमांडला ‘डॅश एस’ लावलं की झालं.

त्या एससीओचं पुढे काय झालं तेही लक्षात ठेवण्यासारखं आहे. १९९५ मध्ये नॉव्हेलने युनिक्सचा धंदा विकला होता, तो हातोहात फिरत एससीओकडे आला. पण त्या विक्रीत कॉपीराइट गेले होते की नाही, हेच कागदांवरून स्पष्ट होत नव्हतं. २०१० मध्ये ज्युरीने निकाल दिला की कॉपीराइट नॉव्हेलकडेच आहेत. ज्यांच्या जोरावर सगळ्या जगाला पत्रं धाडली, ते हक्क त्यांच्याकडे नव्हतेच. कागद नीट असणं किती महत्त्वाचं, ते मी तेव्हापासून कुणालाही सांगतो. पिंपळपान, तुम्ही थांबलात ते योग्यच केलंत.

---

वकीलसाहिबा

भारतापुरतं सांगते. प्रत्येकीचा नोकरीचा करार वेगळा असतो, त्यामुळे तो न पाहता अंतिम उत्तर कुणी देऊ नये.

आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाचा प्रोग्राम हा साहित्यकृतीमध्येच मोडतो. नियम असा की लिहिणारा तो पहिला मालक. नोंदणी लागत नाही, कोड लिहिला की हक्क जन्माला आला, आणि लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. या नियमाला मोठा अपवाद कलम १७ मध्ये आहे. नोकरीच्या ओघात केलेल्या कामाचा पहिला मालक नोकरी देणारा असतो, उलट करार नसेल तर.

आता ‘नोकरीच्या ओघात’ म्हणजे काय, यावर सगळं अडतं. लॅपटॉप तुमचा आणि वेळ घरची, ही तुमची बाजू. पण तुम्ही बॅकएंडच्याच कामावर आहात, ती लायब्ररी कंपनी वापरते आणि बग कंपनीच्या कामात सापडला, ही त्यांची बाजू. दोन्हीकडून भांडता येईल अशी ही जागा आहे. शिवाय नेमणूक पत्रात बऱ्याचदा कायद्याच्या पुढे जाणारं कलम असतं, की नोकरीच्या काळात, कुठल्याही वेळी केलेलं आणि कंपनीच्या व्यवसायाशी संबंधित असलेलं सगळं कंपनीचं. म्हणून आधी ते पत्र काढा.

आणखी दोन गोष्टी, ज्या आपल्याकडच्या लोकांना सहसा माहीत नसतात. मालकी हस्तांतरित करायची तर कलम १९ प्रमाणे लेखी आणि सहीनिशीच व्हावी लागते. परवान्याला मात्र २०१२ च्या दुरुस्तीनंतर लेखी असणं पुरतं, सहीची अट काढली. दुसरं म्हणजे, दस्तात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत धरला जातो. हे नियम कलम ३० अ मुळे परवान्यांनाही लागतात. तेव्हा ‘कायमस्वरूपी’ आणि ‘जगभर’ हे शब्द पाहून दचकू नका. ते नसते तर पाच वर्षांनी तुमच्या चाळीस ओळींचं काय, हा प्रश्न त्या मेंटेनरपुढे उभा राहिला असता.

मालकी दिलीत तरी लेखक म्हणून श्रेय मागण्याचा हक्क कलम ५७ प्रमाणे तुमच्याकडेच राहतो.

---

बांधावरचा

वकीलसाहिबांचा प्रतिसाद वाचून डोळ्यांसमोर सातबाराच आला. म्हणजे लिनक्सचा उतारा काढला तर हजारो नावं निघणार, त्यातले काही मयत, काहींचे वारस परदेशात, आणि काही बदल करायचा तर सगळ्यांच्या सह्या!

---

टर्मिनल

@बांधावरचा, सह्यांचं अगदी खरं आहे. जीपीएल म्हणजे बदललेला कोड वाटला तर तोही खुलाच ठेवा असं सांगणारा परवाना. त्याची तिसरी आवृत्ती २००७ मध्ये आली, पण कर्नल दुसऱ्याच आवृत्तीवर आहे. टोरवाल्ड्सना तिसरी पसंत नव्हती हे एक कारण, पण पसंत असती तरी इतक्या लोकांची संमती कोण आणणार?

ज्यांनी आणली त्यांचे हाल बघा. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरच्या मंडळींना २०११-१२ मध्ये इंजिन आणि बरीचशी मॉड्यूल जीपीएलवरून एलजीपीएल या अधिक सैल परवान्यावर न्यायची होती. शेकडो लोकांना गाठावं लागलं, ज्यांनी कोड देऊन कित्येक वर्षं झाली होती, ईमेल पत्ते बंद पडले होते. ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीने परवाना बदलण्यासाठी २०१७ मध्ये सुमारे ४०० जणांना ईमेल पाठवले आणि त्यात लिहिलं की उत्तर आलं नाही तर हरकत नाही असं समजू. त्यावरून मोठा गदारोळ झाला. गप्प बसणं म्हणजे संमती कशी? अपाचे परवान्याखालची ३.० आवृत्ती बाहेर पडायला २०२१ उजाडलं.

---

फ्रँकफुर्टकर

सातबाऱ्याच्या बाबतीत एक फरक सांगतो. तिथे क्षेत्र सामाईक असतं. इथे प्रत्येकाचा तुकडा वेगळा, आणि कोर्टात गेलात तर आपला तुकडा कुठला ते आपणच दाखवायचं.

आमच्या जर्मनीत हॅम्बुर्गच्या कोर्टात हेच झालं. क्रिस्टोफ हेल्विग हे कर्नलचे जुने आणि नावाजलेले डेव्हलपर. त्यांनी २०१५ मध्ये व्हीएमवेअर या सॉफ्टवेअर कंपनीवर दावा लावला, की लिनक्सचा कोड घेतलात पण जीपीएल पाळली नाहीत. जीपीएलचा भंग झाला की नाही या प्रश्नापर्यंत कोर्ट पोचलंच नाही. तुमच्या नेमक्या कुठल्या ओळी त्यांच्या उत्पादनात आहेत आणि त्यातलं स्वतंत्र काम किती, हे नीट मांडलं नाहीत म्हणून २०१६ मध्ये दावा फेटाळला. २०१९ मध्ये अपिलातही तेच. गिटचा, म्हणजे बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाचा, सगळा इतिहास उघड्यावर असूनसुद्धा! आपण गिट ब्लेम चालवून नाव दाखवतो, पण ब्लेम फक्त त्या ओळीला शेवटचा हात कुणी लावला ते सांगतं. कोड एका फाइलमधून दुसऱ्या फाइलमध्ये हलवला, इंडेंटेशन (ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा) बदललं, की नाव बदलतं.

आणखी एक, जर्मनीत लेखकाचा हक्क जिवंतपणी विकताच येत नाही, फक्त वापराचे अधिकार देता येतात. त्यामुळे अमेरिकन धाटणीचं ‘असाइनमेंट’ इथे जसंच्या तसं चालत नाही. युरोपच्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने म्हणून वेगळ्या घडणीचा विश्वस्त करार तयार केला. केडीई हा लिनक्स डेस्कटॉपचा प्रकल्प तो वापरतो, आणि तोही ऐच्छिक आहे. विश्वस्ताने कोड बंदिस्त केला तर दिलेले अधिकार परत येतात, हे त्यात लिहिलेलं आहे. मला हा सगळ्यात सभ्य कागद वाटतो.

---

डेटाबेसवाला

इथे सगळे सीएलएला फारच सौम्यपणे घेत आहेत. मी ठामपणे विरोधात आहे आणि का ते सांगतो.

करारातला ‘उपपरवाना देण्याचा अधिकार’ हा तुकडा नीट वाचा. त्याचा अर्थ, तुम्ही आज ज्या परवान्यावर विश्वास ठेवून कोड देता, तो परवाना उद्या कंपनी एकटी बदलू शकते. तुम्ही मात्र बदलू शकत नाही. इलास्टिक या सर्च सॉफ्टवेअरच्या कंपनीने जानेवारी २०२१ मध्ये अपाचे परवाना सोडला. हॅशिकॉर्प या कंपनीने ऑगस्ट २०२३ मध्ये आपलं टेराफॉर्म हे सॉफ्टवेअर एमपीएल या ओपन सोर्स परवान्यावरून बिझनेस सोर्स लायसन्स या व्यापारी वापरावर बंधनं घालणाऱ्या परवान्यावर नेलं. दोन्हीकडे बाहेरच्या लोकांनी सीएलए दिलेले होते. ज्यांनी रात्री जागून बग काढले, त्यांचा कोड एका ब्लॉगपोस्टने दुसऱ्या अटींखाली गेला. मग लोकांनी जुन्या कोडवरून वेगळे प्रोजेक्ट (फोर्क) काढले, ओपनसर्च आणि ओपनटोफू. ते चांगले चाललेत, पण किती लोकांची किती मेहनत दुभंगली!

मी स्वतः अशा एका डेटाबेसच्या प्रोजेक्टला प्लॅनरचा कोड दिला होता. कंपनीने परवाना बदलला तेव्हा आम्हाला आधी विचारणं सोडाच, कळवलंही नाही. कायद्याने त्यांना ती मुभा होती, कारण ती आम्हीच दिली होती. मला राग त्या एकतर्फीपणाचा आहे. दोघांना समान हक्क असता तर मी एक शब्द बोललो नसतो.

मायएसक्यूएल या डेटाबेसचंही मूळ तेच. जीपीएलखाली फुकट आणि कंपन्यांना विकत, असं दुहेरी दुकान चालवायचं तर सगळा कोड एका हातात लागतो. तो हात २००८ मध्ये सन कंपनीचा झाला आणि २०१० मध्ये ओरॅकलचा. देणाऱ्यांनी ओरॅकलला दिला नव्हता.

---

टर्मिनल

@डेटाबेसवाला, तुमचा राग समजतो, पण दोष चुकीच्या जागी ठेवताय. इलास्टिकला सीएलए नसता तरी अपाचे परवान्याखालचा कोड पुढच्या आवृत्तीत दुसऱ्या अटींखाली बांधता आला असता. रेडिस हा डेटाबेस बघा. तो बीएसडी या परवान्यावर होता, मार्च २०२४ मध्ये परवाना बदलला. बीएसडी मुळात तशी परवानगी देतोच, फक्त जुन्या नोटिसा ठेवायच्या. अशा सैल (कोड घेऊन बंदिस्तही करू देणाऱ्या) परवान्याच्या प्रोजेक्टला कोड देताना हे गृहीतच धरायला हवं. सीएलएने खरा फरक पडतो तो जीपीएल, एजीपीएल, एमपीएल अशा, कोड खुला ठेवायला लावणाऱ्या परवान्यांमध्ये.

---

डेटाबेसवाला

हॅशिकॉर्प एमपीएलच होतं की. सैल परवान्याबद्दलचा मुद्दा मान्य. पण मग सैल परवाना असलेल्या प्रोजेक्टला सीएलए हवाच कशाला, हे मला कुणीतरी सांगा. परवान्यानेच सगळं मिळतंय ना?

---

वकीलसाहिबा

@डेटाबेसवाला, एक कारण पेटंट. एमआयटी आणि बीएसडीत पेटंटचा उल्लेखच नाही. दुसरं, देणाऱ्याने लेखी दिलेलं असतं की नोकरी देणाऱ्या कंपनीची परवानगी घेतली आहे. कंपनी विकत घेणाऱ्याचे वकील पहिल्याच बैठकीत हे कागद मागतात. म्हणजे कागद निरुपयोगी नाही. पण तो बहुतांशी प्रोजेक्ट चालवणाऱ्याच्या सोयीचा आहे, हे तुमचं बरोबर आहे.

---

जुना_गडी

मालकी एका हातात असण्याची चांगली बाजूही कुणी मांडायला हवी. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन पहिल्यापासून ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या मुख्य प्रोजेक्टांसाठी मालकीच लिहून घेत आलं. कारण सरळ, कोर्टात उभं राहायला एकच धनी असावा. हेल्विग यांचं जे झालं ते नेमकं यानेच टळलं असतं. आणि तो करार एकतर्फी नाही. फाउंडेशन बदल्यात लिहून देतं की हे काम मुक्तच राहील, आणि तुमचा कोड वापरायचा परवाना तुम्हाला परत देतं.

आजही ग्नूच्या ईमॅक्स या एडिटरमध्ये पंधराएक ओळींपेक्षा मोठं काही द्यायचं तर हा कागद लागतो. नोकरीत असाल तर कंपनीचं नाहरकत पत्रही लागू शकतं. ग्नूच्याच जीसीसी (कंपायलर) आणि जीलिबसी (सी भाषेची लायब्ररी) यांनी मात्र २०२१ मध्ये सक्ती काढली, आता डीसीओवर चालतं.

---

डेटाबेसवाला

फाउंडेशनबद्दल माझी तक्रार नाही. त्यांनी वचन लेखी दिलंय. माझी तक्रार वचन न देता हक्क मागणाऱ्यांबद्दल आहे.

---

मांडवीकाठ

थोडं अवांतर, पण मला हा प्रश्न बऱ्याच दिवसांपासून आहे. मी कोड लिहीत नाही, कोकणी आणि मराठीत भाषांतरं करतो. पणजीहून. भाषांतरावर हक्क कुणाचा?

पीओ फाइल (भाषांतराची वाक्यं ठेवायची फाइल) ज्यांनी उघडली असेल त्यांना माहीत असेल, वर एक टिपणांचा मजकूर असतो. कॉपीराइटच्या ओळीत ‘वर्ष’ आणि ‘पॅकेजचा कॉपीराइटधारक’ असे रिकाम्या जागेचे शब्द असतात आणि शेकडो फाइलींत ते कुणी भरलेलेच नसतात. त्याखाली ‘शेवटचा भाषांतरकार’ अशी एक ओळ. मी तीन हजार वाक्यं केली, पुढच्या माणसाने दोन स्वल्पविराम बदलले, की त्या ओळीत त्याचं नाव आणि माझं गायब, जर कुणी वरच्या यादीत आठवणीने टिकवलं नाही तर. मी आता प्रत्येक फाइलमध्ये आधीच्या सगळ्यांची नावं वर्षासकट वर लिहून ठेवतो. मराठीच्या काही फाइलींत अशी नावं आहेत की ज्यांनी युनिकोड नीट दिसतही नव्हतं त्या दिवसांत ‘फाइल उघडा’, ‘जतन करा’ हे शब्द बसवले. ती नावं पुसली जाऊ नयेत असं मला मनापासून वाटतं.

---

वकीलसाहिबा

@मांडवीकाठ, भाषांतर ही स्वतंत्र कृती आहे आणि तिचा लेखक तुम्ही. मूळ सॉफ्टवेअरच्या परवान्याने तुम्हाला भाषांतराची मुभा दिली, पण तुमच्या शब्दरचनेवरचा हक्क तुमचा. ‘ओके’, ‘रद्द करा’ अशा एकेका शब्दावर कुणाचाच हक्क नसतो. तीन हजार वाक्यांच्या कामावर मात्र नक्की असतो. आणि नावं टिकवताय ते फार मोलाचं काम आहे.

---

जुना_गडी

@मांडवीकाठ, ट्रान्सलेशन प्रोजेक्ट या भाषांतरकारांच्या उपक्रमातून काही ग्नू पॅकेजांचं भाषांतर करायचं तर भाषांतरावरचा हक्क सोडल्याचा कागद भरून द्यावा लागतो. त्या मार्गाने जात असाल तर आधी पाहून ठेवा.

---

फ्रँकफुर्टकर

नावांवरून आठवलं. अमेरिकेत २००८ मध्ये जेकबसेन विरुद्ध कॅट्झर असा निकाल लागला. खेळण्यातल्या रेल्वे चालवायचं सॉफ्टवेअर होतं, बर्कलीच्या एका भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांनी आणि इतरांनी लिहिलेलं. एका कंपनीने त्यातल्या फाइली लेखकांची नावं आणि कॉपीराइटच्या नोटिसा वगळून वापरल्या. अपील कोर्टाने सांगितलं की ओपन सोर्स परवान्यातल्या या अटी मोडल्या तर कॉपीराइटचा भंग होऊ शकतो, तो नुसता करारभंग नाही. फुकट दिलेल्या कोडमध्ये श्रेयाची अट ही खरी किंमत आहे, हे कोर्टाने ओळखलं. मला हा निकाल फार आवडतो.

---

बांधावरचा

आपल्याकडचं उदाहरण आहे का कुणाकडे?

---

वाटसरू

@बांधावरचा, मुंबईची फ्रॅपे ही कंपनी. त्यांचं ईआरपीनेक्स्ट हे धंद्याचा कारभार सांभाळायचं सॉफ्टवेअर जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीखाली आहे आणि फाइलींच्या माथ्यावर ‘कॉपीराइट, फ्रॅपे टेक्नॉलॉजीज प्रा. लि. अँड काँट्रिब्युटर्स’ अशी ओळ दिसते. ‘अँड काँट्रिब्युटर्स’ हे दोन शब्द मला प्रामाणिक वाटतात. ज्यांनी दिलं त्यांचंही आहे, असं वर लिहिलंय. कायद्याने नोटीस कुणाच्या नावाची आहे त्यावरून मालकी ठरत नाही, पण वाचणाऱ्याला कळतं.

आता पिंपळपान यांच्या नोकरीच्या प्रश्नाकडे. मीही यातून गेलोय. माझी आधीची कंपनी बरीच मोठी होती, नेमणूक पत्रात ‘सर्व काही आमचं’ कलम होतं. मी परवानगी मागितली तेव्हा मॅनेजर म्हणाला एचआरला विचार, एचआर म्हणालं लीगलला, आणि लीगलकडे यासाठी फॉर्मच नव्हता. दोन महिने फाइल फिरली. शेवटी उपयोगी पडलं ते असं, की मोघम परवानगी न मागता मी एकच वाक्य तयार करून दिलं: अमुक नावाच्या प्रोजेक्टला, अमुक परवान्याखाली, दोष दुरुस्तीचा कोड देण्यास हरकत नाही आणि त्यावर कंपनी हक्क सांगणार नाही. ‘सही करा’ म्हटल्यावर लोक घाबरतात, ‘या ईमेलला हो म्हणा’ म्हटल्यावर म्हणतात.

नवी नोकरी धरताना मात्र मी ते कलम आधीच बदलून घेतलं. गिटहबने २०१७ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांसाठीचा समतोल करार सगळ्यांना वापरायला खुला केला होता, त्यातली भाषा पुढे केली. घरच्या वेळेत केलेलं, कंपनीच्या उत्पादनाशी संबंध नसलेलं काम माझं. त्यांनी मान्य केलं. मागितल्याशिवाय कुणी देत नाही, आणि मागायला आपण भितो.

---

शिकाऊ_उमेदवार

माझा एक प्रश्न. मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्यातले बरेच जण एआयकडून पॅच लिहून घेतात आणि ‘साइन्ड-ऑफ-बाय’ लावून पाठवतात. तो कोड मग कुणाचा?

---

टर्मिनल

चांगला विचारलास. अमेरिकेच्या कॉपीराइट ऑफिसने मार्च २०२३ मध्ये स्पष्ट केलं की माणसाच्या निर्मितीशिवाय कॉपीराइट नाही. म्हणजे जो भाग पूर्णपणे यंत्राने लिहिला त्याचा तिथे कुणी मालकच नाही. आणि डीसीओत तू काय लिहून देतोस? ‘हा मी लिहिला आहे किंवा मला देण्याचा हक्क आहे.’ यंत्राने कुणाच्या जीपीएल कोडमधला तुकडा उचलला असेल तर तुला कळणारही नाही. म्हणूनच जेंटूने (लिनक्सचं एक रूप) एप्रिल २०२४ मध्ये असा कोड घेणं बंद केलं, मे महिन्यात नेटबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमनेही मर्यादा घातली. प्रत्येक प्रोजेक्टचा नियम वेगळा आहे, आधी वाच आणि जे वापरलंस ते उघड सांग.

---

जुना_गडी

@शिकाऊ_उमेदवार, आणि पहिले काही पॅच तरी स्वतःच्या हाताने लिही रे बाळा. मेंटेनर दोन प्रश्न विचारेल, त्यांची उत्तरं तुला यायला हवीत.

---

पिंपळपान

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं काही मिळेल असं वाटलं नव्हतं.

आज दोन्ही कागद समोर ठेवून बसले. सीएलएमध्ये ‘असाइन’ कुठेही नाही, परवानाच आहे, पण उपपरवान्याचा अधिकार आहे. प्रोजेक्ट अपाचे परवान्याखाली आहे, त्यामुळे टर्मिनल यांच्या म्हणण्याप्रमाणे त्याने माझ्या बाबतीत फार फरक पडत नाही. डेटाबेसवाला यांचा मुद्दा मात्र मी पुढे जीपीएलच्या प्रोजेक्टला काही देईन तेव्हा लक्षात ठेवीन. तिथे उलट वचन नसेल तर देणार नाही.

अडचण दुसरीकडे निघाली. नेमणूक पत्रात वकीलसाहिबा म्हणाल्या तसंच कलम आहे, ‘व्यवसायाशी संबंधित, कुठल्याही वेळी’. आणि सीएलएमध्ये मला लिहून द्यायचं आहे की नोकरी देणाऱ्या कंपनीची परवानगी घेतली आहे. म्हणजे परवानगीशिवाय मी सही केली असती तर खोटं लिहून दिल्यासारखं झालं असतं. ‘कर क्लिक’ म्हणणाऱ्या एकानेही हे सांगितलं नव्हतं. वाटसरू यांचं वाक्य घेऊन मॅनेजरना ईमेल केला. त्यांनी लीगलला जोडलं आहे. मेंटेनरलाही कळवलं की आठवडाभर लागेल, ते म्हणाले चालेल.

---

वकीलसाहिबा

छान केलंत. लीगलचं ‘हो’ आलं की तो ईमेल स्वतःकडेही जपा, कारण नोकरी सोडली की ऑफिसची मेलपेटी त्याच दिवशी बंद होते. आणि उत्तर देणाऱ्याला कंपनीच्या वतीने तसं लिहून देण्याचा अधिकार आहे का, तेही पाहा. टीम लीडचं ‘हो’ पुरेलच असं नाही.

---

सुगरण

नवऱ्याला हा धागा वाचायला लावला. तो कुठेही नोकरीला नाही, स्वतंत्रपणे क्लायंटची कामं घेतो. त्याला कलम १७ लागतं का?

---

वकीलसाहिबा

@सुगरण, नाही. ते कलम नोकरीच्या करारासाठी आहे. स्वतंत्रपणे काम करणारा स्वतः पहिला मालक असतो आणि क्लायंटला मालकी हवी असेल तर सहीनिशी लेखी घ्यावी लागते. पण क्लायंटच्या कामाच्या करारात बहुधा ते लिहिलेलं असतंच, आणि पैसे मिळाल्यावर लागू की सही केल्याबरोबर लागू, यात मोठा फरक आहे. त्यांनी जे वेगळे सुटे भाग ओपन सोर्सला दिले आहेत किंवा द्यायचे आहेत, त्यांची यादी कराराला जोडून ‘हे वगळून’ असं लिहून घ्यायला सांगा. शनिवारची कामंही त्यात आली पाहिजेत.

---

सुगरण

शेवटच्या करारात ‘सही केल्याबरोबर’ असंच आहे म्हणतोय. पुढच्या वेळी यादी जोडणार. धन्यवाद ताई.